पोर्तुगीज फादो: काय ऐकावे, कोणाचे ऐकावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'फाडो' म्हणावे की 'फादो'? आणि हा प्रकार मुळात कुठला?

पोर्तुगीज शब्दात मऊ 'द' आहे आणि शेवटचा स्वर बोलताना 'उ'कडे झुकतो. इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मजकुरात 'फाडो' असे छापले जाते, म्हणून ते रूप मराठीत रुळू पाहत आहे. या पानावर मात्र सर्वत्र 'फादो' लिहिले आहे. इतर नावे लिहिताना पोर्तुगीज लिखित रूप आणि प्रत्यक्ष उच्चार यांच्यामधली वाट धरली आहे, त्यामुळे पोर्तुगीज जाणणाऱ्यांना काही नावे थोडी खटकतील.

शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'फातुम' या शब्दात, म्हणजे नियतीत, आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्बनच्या अल्फामा, मोरारिया, बैरो आल्तो अशा दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये, खलाशी, हमाल आणि गुत्त्यांवर बसणारे लोक यांच्यात हे गाणे वाढले. मोरारियात गाणारी मारिया सेवेरा (१८२०–१८४६) ही या परंपरेतली पहिली नाव मिळालेली गायिका होय. ती अवघ्या सव्वीस वर्षांची होऊन गेली आणि ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी गेली, त्यामुळे तिचा आवाज कसा होता हे कोणालाच सांगता येत नाही. पण फादो गाणाऱ्या स्त्रिया आजही खांद्यावर काळी शाल घेतात, ती तिच्या आठवणीची. २०११ साली युनेस्कोने फादोचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

पहिल्यांदाच ऐकत आहे. कोणत्या गाण्यापासून सुरुवात करावी?

बहुतेक लोक मोठ्या रंगमंचावरच्या, वाद्यवृंदासह चित्रित झालेल्या कार्यक्रमांपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही, परंतु त्या वाटेने गेल्यास फादो म्हणजे 'सुंदर आवाजाच्या बाईने म्हटलेले दुःखी गाणे' एवढीच समजूत होते आणि चार गाण्यांनंतर सगळी गाणी सारखी वाटू लागतात. म्हणून आमची शिफारस थोडी वेगळी आहे: गाणे निवडू नका, चाल निवडा.

याचे कारण फादोच्या बांधणीत आहे. पारंपरिक फादोमध्ये चाल आणि कविता यांचे लग्न लागलेले नसते. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या आधीच्या गाण्याचे नाव छापलेले असे, आणि तेवढ्यावरून नटाला पद कसे म्हणायचे ते कळे. पारंपरिक फादोत नेमका तोच व्यवहार आजही चालू आहे. अशा चाली शंभराहून अधिक आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. गायक साथीदारांना चालीचे नाव आणि स्वर सांगतो, आणि तिच्या मापात बसणारी कोणतीही कविता तिच्यावर म्हणतो. 'फादो मेनोर', 'फादो कोरिदो' आणि 'फादो मोरारिया' या तीन चाली सर्वांत जुन्या मानल्या जातात आणि त्यांचे कर्ते अज्ञात आहेत.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. जुआकिम कांपोस या गायक-रचनाकाराची 'फादो वितोरिया' नावाची एक चाल आहे. त्या चालीवर अमालिया रोद्रिगेस या फादोच्या सर्वांत नामवंत गायिकेने गायलेले 'पोवो के लावास नो रिओ' प्रथम ऐका. पेद्रो ओमेम द मेलो या कवीची ती कविता नदीवर कपडे धुणाऱ्या आणि आपल्याच कुऱ्हाडीने कवीच्या शवपेटीच्या फळ्या तासणाऱ्या सामान्य लोकांना उद्देशून आहे. अमालिया शब्द ओढते, थांबते, ओळीच्या शेवटी आवाज वर फेकून तिथेच धरून ठेवते. लगेच त्यानंतर फेर्नांदो मावरिसिओ (१९३३–२००३) याचे 'इग्रेजा द सांतो एस्तेवांव' ऐका. तीच चाल, पण कविता गाब्रिएल द ओलिवैरा याची, अल्फामातल्या एका चर्चच्या अंगणाची. मावरिसिओ मोरारियाचा, गल्लीतला गायक. त्याचा आवाज खरखरीत आणि अंगावर येणारा आहे. दोन्ही गाणी एकाच सांगाड्यावर उभी आहेत हे पहिल्या ऐकण्यात बहुधा लक्षातही येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते लक्षात येते, आणि तिथून पुढे फादो ऐकण्याची गोडी लागते, कारण गायकाने स्वतःचे काय घातले ते वेगळे दिसू लागते. चालीला अशा प्रकारे आपले वळण देण्याला तिकडे 'एस्तिलार' म्हणतात आणि जाणकार दाद देतात ती त्याला.

सगळेच फादो अशा जुन्या चालींवर असतात का?

नाही. दुसरा मोठा प्रकार 'फादो कांसांव' हा आहे. त्यात ध्रुवपद असते, चाल त्या एकाच कवितेसाठी बांधलेली असते, आणि त्याचा प्रसार मुख्यतः लिस्बनच्या संगीत-प्रहसनांच्या रंगभूमीवरून आणि नंतर चित्रपटांतून व नभोवाणीवरून झाला. बाहेरच्या जगाला जी गाणी 'फादो' म्हणून ठाऊक आहेत, त्यांतली बरीचशी या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

अमालिया रोद्रिगेसची शेकडो ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतली कोणती ऐकावीत?

अमालिया (१९२०–१९९९) वारली तेव्हा पोर्तुगालमध्ये तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला आणि २००१ साली तिचे अवशेष राष्ट्रीय स्मारकात हलवले गेले. १९३९ मध्ये ती व्यावसायिक गायिका झाली, तिची पहिली ध्वनिमुद्रणे १९४५ मध्ये ब्राझीलमध्ये झाली, आणि पुढची चार दशके ती गातच होती. एवढ्या पसाऱ्यात शिरायचे तर काळाचे तीन टप्पे करावेत.

पहिल्या टप्प्यात १९५०च्या आसपासची गाणी येतात. 'फोइ देउस' आणि 'आय मोरारिया' ही त्यांतली दोन आम्ही निवडू. आवाज कोवळा असला तरी बारीक मुरक्यांनी भरलेला आहे. 'उमा काझा पोर्तुगेझा' हे याच काळातले गाणे तिचे सर्वांत प्रसिद्ध गाणे असेल, पण गरिबाच्या घरातल्या भाकरी-दारूचे आणि समाधानाचे ते गोडगोड चित्र आम्हांला तिच्या उत्तम गाण्यांत बसवता येत नाही. 'बार्को नेग्रो' मात्र चुकवू नये. मूळ ब्राझिलियन गाण्याच्या चालीवर दाविद मोरांव-फेरैरा याने नवे शब्द लिहिले आणि १९५५ साली पडद्यावर आलेल्या एका फ्रेंच चित्रपटात अमालियाने ते गायले. किनाऱ्यावर एक बाई आहे. तिचा माणूस समुद्रावर गेला आहे. म्हाताऱ्या बायका म्हणतात तो परत येणार नाही, आणि ती म्हणते या बायकांना वेड लागले आहे. बाकीची वाद्ये जवळजवळ बाजूला सारून ढोलाच्या ठेक्यावर हे गाणे चालते.

दुसरा टप्पा सर्वांत समृद्ध आहे आणि त्याचे श्रेय आलें ऊल्मान (१९२८–१९९०) या रचनाकाराकडेही जाते. ऊल्मान पियानोवर चाली बांधत असे. फादोच्या साच्यात न बसणारे स्वरसंबंध आणि अभिजात व समकालीन कवींच्या कविता त्याने अमालियाकडे आणल्या. जुन्या साथीदारांना त्या वळणांची सवय नव्हती आणि जाणकारांतही कुरबूर झाली. १९६२चा 'बुस्तो' हा अल्बम या जोडीचे पहिले मोठे काम. १९६५ मध्ये तिने कामोएंस या सोळाव्या शतकातल्या महाकवीच्या रचना गायल्या, तेव्हा तर 'फादोवालीने कामोएंसला हात लावावा का' यावर लिस्बनच्या वर्तमानपत्रांत वाद झाला. १९७० चा 'कों के वोझ' हा अल्बम या सगळ्याचा कळस आहे. त्याचे शीर्षकगीत कामोएंसचे आहे, आणि 'गाइवोता' हे त्यातले गाणे आलेशांद्रे ओनील या कवीचे. एखादा समुद्रपक्षी लिस्बनचे आभाळ माझ्याकडे घेऊन आला तर, अशी त्या कवितेची सुरुवात आहे.

तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे १९८०नंतर, आवाज खाली उतरलेला आहे, वरच्या स्वरांची चमक गेली आहे. या काळात ती स्वतःच्याच कविता गाऊ लागली. 'लाग्रिमा' (१९८३) हे गाणे तिचे स्वतःचे शब्द आणि कार्लोस गोन्साल्वेस या गिटारवादकाची चाल. झोपण्यापूर्वी अंगावरच्या पांघरुणाऐवजी शाल जमिनीवर पसरणारी ती बाई शेवटी म्हणते की तुझा एक अश्रू मिळणार असेल तर मी आनंदाने मरेन. तरुण आवाजात हे गाणे अनेकांनी म्हटले आहे आणि बहुतेकांनी ते चांगले म्हटले आहे. परंतु तिच्या थकलेल्या आवाजात ते जसे खरे वाटते तसे दुसऱ्या कोणाकडून वाटत नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

अमालियाच्या पलीकडे जुन्या पिढीतले कोण ऐकावे?

आल्फ्रेदो मार्सेनैरो (१८९१–१९८२) हे पहिले नाव. 'मार्सेनैरो' हे आडनाव नव्हे, त्याचा अर्थ सुतार. तो खरोखरच सुतारकाम करत असे. आवाज लहान, किंचित घोगरा, आणि तरीही एकेक शब्द कोरून ठेवल्यासारखा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जायला तो नाखूश असे, त्यामुळे त्याच्या कीर्तीच्या मानाने त्याची मुद्रणे थोडी आहेत. त्याने बांधलेल्या चाली मात्र आजही रोज गायल्या जातात. अमालियाचे 'एस्त्रान्या फोर्मा द विदा' हे गाणे, ज्यात ती आपल्या न ऐकणाऱ्या हृदयाला 'यापुढे मी तुझ्याबरोबर येणार नाही' असे बजावते, ते त्याच्याच 'फादो बाइलादो' या चालीवर आहे.

मार्सेनैरोचे 'आ काझा दा मारिकिन्यास' ऐकताना एक गंमत करता येईल. सिल्वा तावारेस याच्या या कवितेत मारिकिन्यास नावाच्या बाईच्या घराचे, त्याच्या लाकडी पट्ट्यांच्या खिडक्यांसह, वर्णन आहे. घर कसले ते न सांगताही कळते. त्यानंतर आल्बेर्तो जानेस याने लिहिलेले आणि अमालियाने गायलेले 'वो दार द बेबेर आ दोर' ऐका: कोणीतरी बऱ्याच वर्षांनी त्याच घराकडे जाते, तर खिडक्यांचे ठिपक्यांच्या चिटाचे पडदे गेले आहेत, काच बसली आहे, आणि आत आता सावकाराचे गहाणखाते चालते. मग जिझेला जुआंव हिच्या २०१३ च्या अल्बममध्ये तेच घर पुन्हा येते, या वेळी कापिकुआ या रॅप गायिकेच्या शब्दांत. एका घराची अशी तीन पिढ्यांची हकीकत तीन गाण्यांत मिळते.

मारिया तेरेझा द नोरोन्या (१९१८–१९९३) ही सरदार घराण्यातली गायिका नभोवाणीवरून घरोघरी पोहोचली. तिच्या गाण्यात आक्रोश नाही, सफाई आहे. 'कोरिदो एं सिंको एस्तिलोस' या तिच्या मुद्रणात 'कोरिदो' ही एकच चाल ती पाच ढंगांनी म्हणून दाखवते. वर सांगितलेला 'चाल निवडा' हा सल्ला ज्यांना पटला असेल त्यांनी हे अवश्य ऐकावे. लुसिलिया दो कार्मो हिचे 'मारिया मादालेना', बेआत्रिझ दा कोन्सेइसांव हिचे 'मेउ कोर्पो' आणि आर्जेंतिना सांतोस (१९२४–२०१९) हिचे 'विदा विविदा' ही आणखी तीन. आर्जेंतिना अल्फामातल्या आपल्या खानावळीत स्वयंपाकही करी आणि गातही असे.

पुरुष गायकांत आणखी कोण?

कार्लोस दो कार्मो (१९३९–२०२१) आणि कामाने (जन्म १९६६). एवढी दोन नावे पुरेशी आहेत असे नाही, पण या दोघांना टाळून पुढे जाता येणार नाही.

कार्लोस हा वर उल्लेखलेल्या लुसिलियाचा मुलगा. त्याच्या उच्चारांत निवेदकासारखी स्पष्टता आहे, त्यामुळे पोर्तुगीज शिकणाऱ्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी. 'लिस्बोआ, मेनिना ए मोसा' हे त्याचे गाणे लिस्बनचे जणू नगरगीत झाले आहे. आमची शिफारस मात्र १९७७च्या 'उम ओमेम ना सिदाद' या अल्बमची. त्यातल्या सगळ्या कविता आरी दोस सांतोस या एकाच कवीच्या आहेत आणि विषय १९७४ च्या क्रांतीनंतरचे लिस्बन शहर आहे. २०१४ मध्ये कार्लोसला लॅटिन ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला.

कामाने हा आजच्या घडीचा सर्वांत संयमी फादो गायक म्हणावा लागेल. तो जागचा हलत नाही, हात फारसे उचलत नाही, आवाज चढवण्याचा मोह टाळतो. 'सेंप्रे द मिम' (२००८) या अल्बममधले 'सेइ द उम रिओ' ऐका; कविता पेद्रो ओमेम द मेलोची, चाल ऊल्मानची. एका नदीविषयी मला ठाऊक आहे, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि दर वेळी ती ओळ निराळ्या जागी जाऊन थांबते.

आजच्या गायिकांपैकी कोणाला ऐकावे? मारिझा, आना मोरा, कार्मिन्यो यांत फरक काय?

मारिझा (जन्म १९७३) मोझांबिकमध्ये जन्मली आणि मोरारियात वाढली. तिचा आवाज भव्य आहे आणि तिला ते ठाऊक आहे. 'फादो एं मिम' (२००१) या पहिल्या अल्बममधली 'शुवा' आणि 'ओ जेंत दा मिन्या तेरा' ही दोन गाणी ऐकावीत. दुसऱ्या गाण्याचे शब्द अमालियाचे आहेत, चाल मात्र तिआगो माशादो या तरुण रचनाकाराची. २००५ मध्ये लिस्बनच्या बेलें बुरुजाजवळ झालेल्या मैफिलीत हे गाणे म्हणताना मारिझाला रडू आवरेना. ती पाठ फिरवून थांबली, आणि समोरचा समुदाय टाळ्यांनी तिला सावरत राहिला. ते चित्रण उपलब्ध आहे. अशा क्षणांविषयी साशंक असणाऱ्यांनीही ते एकदा पाहावे.

आना मोरा (जन्म १९७९) हिचा आवाज खालच्या पट्टीचा, किंचित धुरकट. 'ओस बुझिओस' हे तिचे कवड्या टाकून भविष्य पाहणारीचे गाणे पारंपरिक वळणाचे आहे. 'देसफादो' (२०१२) हा अल्बम पोर्तुगालमध्ये प्रचंड खपला. त्याचे शीर्षकगीत फादोच्या दुःखी असण्याचीच थट्टा करते. शुद्ध फादो हवा असणाऱ्यांनी तिचे आधीचे काम घ्यावे.

कार्मिन्यो (जन्म १९८४) हिची आई तेरेझा सिकैरा हीसुद्धा फादो गायिका. म्हणजे ही मुलगी चाली ऐकतच वाढली. तिघींत परंपरेच्या सर्वांत जवळची तीच. 'फादो' (२००९) आणि 'मारिया' (२०१८) हे अल्बम घ्यावेत. 'पुअर थिंग्ज' या २०२३ च्या चित्रपटात लिस्बनमधल्या सज्जात गिटार घेऊन गाणारी जी बाई दिसते, ती हीच.

याखेरीज जिझेला जुआंव, रिकार्दो रिबैरो, आल्दिना दुआर्ते आणि सारा कोरेया यांना वेळ द्यावा. पोर्तो शहरात जन्मलेली मिझिया (१९५५–२०२४) हिने नव्वदच्या दशकात, फादोला तरुणांत फारसे कोणी विचारत नसताना, नव्या लेखकांकडून कविता मागवून तो गायला. नंतरच्या पिढीची वाट तिने मोकळी केली.

दुल्से पोंतेसचे 'कांसांव दो मार' हा फादो आहे का?

गाणे फादोच्या परिसरातले आहे आणि त्याची चाल अमालियानेही गायली आहे. पण पोंतेसची १९९३ ची सजावट फादोची नाही. ते गाणे आवडले म्हणून फादोकडे आलेल्यांचे स्वागत आहे. तेवढा डौल सगळीकडे मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मादरेदेउस या समूहाविषयीही हेच: सुंदर संगीत, परंतु फादो नव्हे.

भाषा येत नसेल तर फादो कळेल का? 'सौदाद' म्हणजे काय?

फादोविषयीचा प्रत्येक लेख 'सौदाद' या शब्दापाशी येऊन थबकतो आणि तो शब्द कोणत्याही भाषेत आणता येत नाही असे सांगतो. मराठी वाचकाने त्याचे फार दडपण घेऊ नये. दूर गेलेल्याची ओढ, ते परत मिळणार नाही याची जाणीव आणि त्या दुखण्यातच रमणे, हे सगळे 'हुरहूर' या आपल्या शब्दाच्या आसपासच आहे.

अडचण त्या एका शब्दाची नाही, कवितेची आहे. फादोत कविता आधी आणि गळा नंतर. ज्या गायकाचे शब्द ऐकू येत नाहीत त्याला लिस्बनमध्ये मान नाही. म्हणून गाणे ऐकण्यापूर्वी त्याच्या शब्दांचा अर्थ एखाद्या यांत्रिक भाषांतराच्या साहाय्याने का होईना वाचून घ्यावा, आणि ऐकताना कागद बाजूला ठेवावा. पारंपरिक फादोतली ओळ बहुधा सात अक्षरांची आणि कडवे चार, पाच किंवा सहा ओळींचे असते, त्यामुळे वाचायला दोन मिनिटे पुरतात.

फादो सगळाच रडका असतो का?

मुळीच नाही. 'कोरिदो' ही धावती चाल आहे आणि तिच्यावर थट्टेच्या, टोमण्यांच्या, गल्लीतल्या भानगडींच्या कविता खुशाल म्हटल्या जातात. एर्मिनिया सिल्वा (१९०७–१९९३) ही तर गाता गाता साथीदारांना चिमटे काढण्यासाठीच प्रसिद्ध होती; तिचे 'आ तेंदिन्या' ऐकावे. कार्लोस रामोस याचे 'नांव वेन्यास तार्द' वरवर शांत, पण आत बोचरे आहे: बायको नवऱ्याला प्रेमाने 'उशीर करू नकोस' म्हणते, आणि तो कुठे जातो ते तिला पक्के ठाऊक आहे.

फादो हे सालाझारच्या हुकूमशाहीचे संगीत होते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे. १९२७ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला आणि गाण्याचे शब्द आधी तपासून घेणे भाग पडले. त्यापूर्वी कामगारांच्या चळवळीचे फादोही गायले जात, ते यामुळे बंद पडले, आणि नशिबाला बोल लावणारी बिनधोक गाणी उरली. पुढे राजवटीने फादोचा देशाची ओळख म्हणून वापरही केला, म्हणून १९७४ च्या क्रांतीनंतर काही वर्षे फादोकडे आणि स्वतः अमालियाकडे संशयाने पाहिले गेले.

दुसरी बाजू 'आबांदोनो' या गाण्यात आहे. 'बुस्तो'मधल्या या गाण्याचे शब्द मोरांव-फेरैराचे: विचारांसाठी एकाला दूर नेऊन कोंडले आहे, आणि मागे राहिलेली म्हणते की तुला निदान वारा ऐकू येत असेल, निदान समुद्र ऐकू येत असेल. पेनिश या समुद्रकाठच्या किल्ल्यात राजकीय कैदी ठेवत, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. लोकांनी गाण्याला 'फादो पेनिश' म्हणायला सुरुवात केली आणि त्यावर बंदी आली. ऊल्मानलाही १९६६ मध्ये राजकीय पोलिसांनी अटक केली आणि नंतर त्याला देश सोडावा लागला.

कोइंब्राचा फादो वेगळा का मानतात?

कोइंब्रा हे पोर्तुगालमधले विद्यापीठाचे शहर. तिथला फादो विद्यापीठाचा आहे, गुत्त्याचा नाही. काळे झगे घातलेले विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी तो गातात, परंपरेने फक्त पुरुष. अनेक जण त्याला फादो न म्हणता 'कोइंब्राचे गीत' म्हणणे पसंत करतात. दाद देण्याची तिथली जुनी रीत टाळ्यांची नसून घसा खाकरण्याची आहे, हे आधी माहीत नसेल तर पाहुणा बुचकळ्यात पडतो. आउगुस्तो इलारिओ (१८६४–१८९६) याच्या नावाचा 'फादो इलारिओ', एद्मुंदो बेतेंकूर याचे 'सामारिताना' आणि जुझे आफोन्सोचे 'बालादा दो औतोनो' एवढे ऐकून पाहावे. हाच आफोन्सो पुढे क्रांतीचा संकेत ठरलेल्या गाण्याचा कर्ता.

नुसते वादन ऐकायचे असेल तर?

फादोची पोर्तुगीज गिटार म्हणजे आपल्याकडची गिटार नव्हे. तिचे पोट नाशपतीच्या आकाराचे, तारा बारा आणि जोडीजोडीने, आणि डोक्यावर पंख्यासारखे पसरलेले खुंट्यांचे यंत्र असते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांवर कृत्रिम नखे चढवून ती वाजवतात. तिच्या शेजारी ठेका आणि खर्ज सांभाळणारी साधी गिटार असते. तिला तिकडे 'व्हियोला' म्हणतात, त्यामुळे नवख्याचा हमखास गोंधळ होतो. लिस्बनच्या जुन्या वादकांत आर्मांदिन्यो (१८९१–१९४६) याला गुरुस्थान आहे.

कार्लोस पारेदेस (१९२५–२००४) हा कोइंब्राच्या परंपरेतला, वडील आर्तुर यांच्याकडे शिकलेला वादक. त्याचे 'वेर्देस आनोस' हे १९६३ च्या चित्रपटासाठीचे वादन आणि 'मोव्हिमेंतो पेर्पेतुओ' (१९७१) हा अल्बम ऐकावा. इतका मोठा कलावंत लिस्बनच्या एका रुग्णालयात क्ष-किरण चित्रांच्या दप्तरात नोकरी करत होता. १९५८ मध्ये त्याला राजकीय कारणावरून कैद झाली. कोठडीत तो हवेत बोटे चालवत येरझारा घाली आणि सोबतच्या कैद्यांना वाटे याचे डोके फिरले आहे, असे सांगतात. तो मनातल्या गिटारीवर रचना बांधत होता. मुद्रणांत तारांच्या आवाजामागे त्याचा जड श्वासही ऐकू येतो.

गोव्यात फादो आहे का?

आहे, आणि महाराष्ट्रातल्या रसिकांना तो लिस्बनपेक्षा नक्कीच जवळ आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या कॅथलिक घरांच्या दिवाणखान्यांत फादो गायला जाई. १९६१ नंतर भाषेचा वापर ओसरला तसा तोही मागे पडला. आज त्याला पुन्हा उभे करण्यात सोनिया शिरसाट यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पोर्तुगालमध्येही त्यांनी मैफिली केल्या आहेत, आणि गोव्यात त्या नव्या मुलांना फादो शिकवतात. त्यांच्या साथीला पोर्तुगीज गिटार वाजवणारे ओर्लांदो द नोरोन्या हेही गोव्याचेच. पणजीत 'मादरागोआ' नावाचे फादो आणि मांडो यांना वाहिलेले छोटे घर उभे राहिले; जाण्यापूर्वी कार्यक्रम आहे का ते विचारून घ्यावे. मांडो मात्र वेगळा प्रकार आहे, तो कोकणी आणि नृत्याशी जोडलेला. दोन्ही एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात म्हणून त्यांना एक समजू नये.

लिस्बनला जाणार आहे. फादो कुठे आणि कसा ऐकावा?

अल्फामा, मोरारिया आणि बैरो आल्तो या तीन वस्त्यांत फादोची घरे आहेत. मोठ्या घरांत जेवणासह गाणे असते आणि किमान खर्चाची रक्कम ठरलेली असते, ती आधी विचारावी. लहान गुत्त्यांत 'फादो वादियो' चालतो, म्हणजे शेजारपाजारचे हौशी लोक आळीपाळीने गातात. तिथे एखादा टॅक्सीचालक अचानक मार्सेनैरोची चाल अशी म्हणून जातो की ऐकणारा थक्क होतो, आणि त्यानंतरचा गायक पार बेसूर निघतो. अल्फामातले फादो संग्रहालय १९९८ पासून आहे. दुपार तिथे आणि रात्र गुत्त्यात, असा बेत करावा.

गाणे सुरू होण्याआधी दिवे मंद होतात आणि कोणीतरी शांत राहायला सांगते. हा शिष्टाचार नसून नियम आहे: वाढपी जिथे असेल तिथे थबकतो, काटेचमचे खाली ठेवले जातात. वादक बसलेले असतात, गायक त्यांच्या पुढे किंवा मागे उभा राहतो, बहुधा डोळे मिटून, मान मागे टाकून. ध्वनिवर्धक बहुधा नसतो. चांगली जागा साधली की अंधारातून 'आ, फादिस्ता!' (वा, फादो गाणाऱ्या!) अशी दाद येते. तीन-चार गाणी झाली की दिवे लागतात आणि जेवण पुढे चालू होते.

एकच अल्बम घ्यायचा असेल तर?

'बुस्तो', १९६२. शोधताना नाव रोमन लिपीत टाकावे लागेल. मुखपृष्ठावर अमालियाचा अर्धपुतळा आहे आणि त्यावरूनच अल्बमला हे नाव पडले. त्यात नऊ गाणी आहेत, आणि 'पोवो के लावास नो रिओ' त्यांतच आहे.